‘जमा झालं’ म्हणजे नक्की कुठे जमा झालं? बंद पडणारी एक्स्चेंज, रेल्वेची नवी तिकीट यंत्रणा आणि स्टोरेज कॅशेची सेटिंग

२८ ऑक्टोबर २०२५ ला एमसीएक्स सकाळी ९ वाजता सुरूच झालं नाही. सोनं, चांदी, कच्चं तेल यांचे वायदे जिथे होतात ते हे मुंबईतलं एक्स्चेंज. चार तासांहून जास्त वेळ सगळं ठप्प होतं. शेवटी दुपारी १:२५ ला पर्यायी डेटा सेंटरवरून व्यवहार सुरू झाले. एमसीएक्सने नंतर सांगितलेलं कारण असं: ग्राहकांच्या संकेतांकांसारख्या माहितीसाठी सिस्टिममध्ये आधीच एक मर्यादा ठरवलेली होती, ती ओलांडली गेली.

दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर जगभर अडखळलं. कारण होतं चुकून झालेला एक कॉन्फिगरेशन बदल. मग १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर बंद पडलं आणि त्याच्यासोबत असंख्य वेबसाइट गेल्या. तिथे एक फाइल नेहमीच्या दुप्पट झाली आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या ठरलेल्या मर्यादेत बसेना.

तिन्ही घटनांमध्ये हॅकर नाही, जळालेलं मशीन नाही. प्रत्येक वेळी गाडी अडली ती कुणीतरी ठरवलेल्या एखाद्या आकड्यावर किंवा सेटिंगवर.

मी पुण्यात स्टोरेजशी संबंधित सॉफ्टवेअरवर काम करते. घर पूर्णेचं, परभणी जिल्ह्यातलं. गावी आलं की ‘सर्व्हर डाऊन का होतो गं?’ हा प्रश्न ठरलेला असतो. सातबारा काढायला गेलेला माणूस हेच ऐकून परत येतो, बँकेत गेलेलाही हेच ऐकतो. पूर्ण उत्तर मोठं आहे. या लेखात त्यातला एकच भाग घेऊ, ज्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही: मोठ्या स्टोरेज मशीनमधली कॅशेची सेटिंग. (इंग्रजी उच्चार ‘कॅश’ असाच आहे, पण रोकडेशी गोंधळ नको म्हणून इथे ‘कॅशे’ लिहिते.)

आधी मशीन समजून घेऊ

बँक, एक्स्चेंज, रेल्वे, मोठं हॉस्पिटल, यांचा डेटा एखाद्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर नसतो. त्यासाठी वेगळं कपाट असतं, त्याला स्टोरेज अ‍ॅरे म्हणतात. त्यात डझनावारी ते शेकडो डिस्क असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सहसा दोन कंट्रोलर. प्रत्येक कंट्रोलर हा स्वतःच एक कॉम्प्युटर असतो, त्याला स्वतःची रॅम असते. त्या रॅमचा जो भाग डेटा तात्पुरता धरून ठेवतो, तो कॅशे.

हा प्रकार का लागतो, ते आकड्यांत बघा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद जातात, सुई सरकण्याचा वेळ वेगळा. फ्लॅश डिस्क म्हणजे एसएसडी हेच काम साधारण १०० मायक्रोसेकंदांत करते. रॅमला मात्र १०० नॅनोसेकंदांच्या आसपासच लागतात. रॅम आणि फिरती डिस्क यांच्यात हजारो पटींचं अंतर आहे.

आता हे आपल्या मोंढ्यात नेऊन बघू. सोयाबीनच्या हंगामात आडत दुकानापुढे गाड्यांची रांग लागलेली आहे. मापाडी माप करतो, मुनीम कच्च्या वहीत नोंद करतो, शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी देतो आणि म्हणतो, ‘झालं, पुढचा.’ पक्की नोंद, म्हणजे नावानिशी खतावणी, तो संध्याकाळी निवांत बसून करतो. प्रत्येक गाडीला खतावणी काढून, नाव शोधून, जुनी बाकी बघून नोंद करत बसला तर रांग पार रस्त्यावर जाईल.

यात कच्ची वही म्हणजे कॅशे, खतावणी म्हणजे डिस्क. आणि चिठ्ठी म्हणजे स्टोरेजने अ‍ॅप्लिकेशनला दिलेला ‘जमा झालं’ हा निरोप. पुढचं सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं: चिठ्ठी नेमकी कधी द्यायची?

राइट-बॅक की राइट-थ्रू?

कच्च्या वहीत नोंद झाली की लगेच चिठ्ठी, याला राइट-बॅक म्हणतात. खतावणीत नोंद झाल्याशिवाय चिठ्ठी नाही, याला राइट-थ्रू.

पहिला मार्ग वेगवान आहे, दुसरा सुरक्षित. पण वेगातला फरक किती, ते माहीत असल्याशिवाय लोक राइट-बॅकसाठी एवढा आग्रह का धरतात ते कळत नाही. एक उदाहरण घेऊ. १५,००० फेऱ्यांच्या १० डिस्क आहेत आणि प्रत्येक डिस्क सेकंदाला सुमारे १८० कामं करते. एकूण १,८०० कामं. या डिस्क रेड-५ मध्ये बांधल्या आहेत, म्हणजे एक डिस्क मेली तरी डेटा वाचेल अशी रचना. पण तिची किंमत असते. एक छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. त्यामुळे १,८०० चे उरले ४५०. रेड-६ मध्ये एका नोंदीला सहा कामं पडतात, मग उरतात ३००.

कॅशे इथे दुहेरी फायदा देते. अ‍ॅप्लिकेशनला थांबावं लागत नाही, हा एक. दुसरं म्हणजे, मधल्या वेळात शेजारशेजारच्या नोंदी एकत्र येतात आणि पूर्ण पट्टा एकदम लिहिता येतो. मग जुनं वाचायची गरजच राहत नाही आणि चार कामांचा दंड जवळपास जातो. संध्याकाळी मुनीम एकाच गावच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून खतावणीचं पान एकदाच उघडतो, तसंच हे.

धोका अर्थातच कच्ची वही हरवण्याचा. रॅम विजेवर जगते, वीज गेली की कोरी. तेव्हा शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी असते आणि खतावणीत त्याचं नावच नसतं.

आणि इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘गेला तर शेवटच्या दोन-चार सेकंदांचा डेटा जाईल, त्यात काय’ असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. डेटाबेस नोंदींच्या क्रमावर विश्वास ठेवून चालतो: आधी हे लिहिलं गेलं, मग ते. कॅशेतून डिस्कवर डेटा त्याच क्रमाने उतरतो असं नाही, सोयीने उतरतो. मधेच कॅशे गेली तर नंतरची नोंद आहे आणि आधीची नाही, खात्यातून पैसे वजा आहेत पण समोर जमा नाहीत, अशी अवस्था होऊ शकते. मग दोन सेकंदांच्या डेटासाठी अख्खा डेटाबेस दुरुस्तीला बसतो.

कच्ची वही सांभाळायची कशी?

मोठ्या अ‍ॅरेमध्ये यासाठी तीन बंदोबस्त असतात.

पहिला, दोन मुनीम आणि दोन वह्या. एका कंट्रोलरच्या कॅशेत आलेली नोंद दुसऱ्याच्या कॅशेतही लिहिली जाते आणि मगच चिठ्ठी दिली जाते. याला मिररिंग म्हणतात. मात्र यात रॅमची अर्धी जागा खर्च होते. राइट कॅशेला १६ जीबी दिले तर खऱ्या नोंदी ८ जीबीच्याच मावतात.

दुसरा, बॅटरी. वीज गेल्यावर ती काही मिनिटं मशीन जिवंत ठेवते.

तिसरा, पेटी. बॅटरीच्या जोरावर मिळालेल्या मिनिटांत कॅशेतलं सगळं ठरावीक डिस्कवर किंवा फ्लॅशवर उतरवून ठेवलं जातं. पावसाचा थेंब पडताच मुनीम वही लोखंडी पेटीत टाकतो, तसं. वीज आली की ती वही काढून खतावणी पूर्ण केली जाते.

आता गंमत बघा. यातला एक जरी बंदोबस्त ढासळला, समजा बॅटरी निकामी झाली किंवा एक कंट्रोलर बंद पडला, तर बहुतेक अ‍ॅरे आपणहून राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतात. डेटा सुरक्षित राहतो, पण वेग आपटतो. वरच्या उदाहरणात सगळं काम त्या ४५० वर येऊन पडतं. बाहेर काय दिसतं? ‘सर्व्हर स्लो आहे.’ प्रोग्रॅम बदललेला नसतो, गर्दीही नेहमीचीच असते, नेटवर्क ठीक असतं. फक्त एका बॅटरीचं आयुष्य संपलेलं असतं. आमच्या क्षेत्रात कारण सापडायला दिवस लागतात आणि मग एका छोट्या सुट्या भागावर बोट येतं, असे प्रकार नवीन नाहीत.

सर्व्हरच्या आत बसणाऱ्या छोट्या रेड कार्डांमध्येही हेच असतं. त्यातल्या अनेक कार्डांची बॅटरी ठरावीक काळाने, साधारण तीन महिन्यांनी, स्वतःला पूर्ण रिकामी करून पुन्हा भरून तपासते. जुन्या कार्डांत तेवढे काही तास राइट-थ्रू लागू व्हायचा आणि सगळं मंदावायचं. यावर एक मोहात पाडणारी सेटिंग उपलब्ध असते: ‘बॅटरी असो वा नसो, राइट-बॅकच ठेवा.’ एक क्लिक आणि तक्रारी बंद. वीज जाईपर्यंत कुणाला काही कळतही नाही.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ‘वीज गेली तर’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. डेटा सेंटरला यूपीएस आणि जनरेटर असतात हे खरं. पण बॅटऱ्यांनाही स्वतःचा धोका असतो. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली ती यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांमधूनच. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘जी-ड्राइव्ह’ कायमचा गेला, ८५८ टेराबाइट, कारण त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. कॅशे, मिरर, रेड, यातलं काहीच बॅकअप नसतं, हा त्यातला धडा.

किती भरू द्यायचं? येलदरीचं गणित

पुढची सेटिंग म्हणजे कॅशेची पातळी. इथे आपल्या पूर्णा नदीचंच उदाहरण घेते. वर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. पावसाळ्यात धरण काठोकाठ भरून ठेवत नाहीत, वरून येणाऱ्या पाण्यासाठी जागा राखतात. जागा राखली नाही तर पाणी आलं की दरवाजे एकदम उघडावे लागतात आणि खालच्या गावांचे हाल होतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पूर पाहिलाय, त्यामुळे हे वेगळं सांगायला नको.

राइट कॅशेचंही असंच. दोन रेषा आखलेल्या असतात. वरच्या रेषेला पोहोचलं की कॅशेतला डेटा डिस्कवर उतरवणं सुरू, खालच्या रेषेपर्यंत आलं की थांबवायचं. ईएमसी कंपनीच्या क्लॅरिऑन या एके काळी खूप खपलेल्या अ‍ॅरेमध्ये या रेषा मुळात ८० टक्के आणि ६० टक्के अशा असायच्या. वरची मोकळी २० टक्के जागा म्हणजे पुरासाठी राखलेली.

वरची रेषा ९५ वर नेली तर कॅशेचा जास्त भाग वापरात येतो, नोंदी जास्त एकत्र होतात, दिवसभर छान चालतं. पण अचानक लोंढा आला की कॅशे पूर्ण भरते. मग अ‍ॅरे येणारं काम थांबवून आधी जागा करते. याला सक्तीचा उपसा म्हणू. त्या काही सेकंदांत प्रत्येक नोंदीला डिस्कच्या वेगानेच चालावं लागतं. उलट रेषा फार खाली आणली तर डिस्क सतत कामात राहतात आणि नोंदी एकत्र व्हायला वेळच मिळत नाही.

म्हणजे बरोबर आकडा तुमच्या लोंढ्यावर अवलंबून आहे. सकाळी १० ला तत्काळ उघडते तिथे लोंढा आहे. रात्रभर हळूहळू अहवाल बनतात तिथे नाही. सरासरी बघून ठरवलेली पातळी नेमकी गर्दीच्या मिनिटाला दगा देते.

बाकीच्या सेटिंग पटकन सांगते. रीड आणि राइट यांच्यात रॅम कशी वाटायची: वाचनाचा डेटा गेला तर डिस्कवरून परत आणता येतो, म्हणून त्याला मिररिंग लागत नाही आणि बऱ्याच ठिकाणी रॅमचा मोठा वाटा राइटला देतात. कॅशेच्या पानाचा आकार: डेटाबेस ८ केबीचे तुकडे लिहीत असेल तर पानही त्याला जुळणारं हवं, नाहीतर जागा वाया जाते. प्रीफेच, म्हणजे पुढचं मागितलं जाईल असं समजून आधीच वाचून ठेवणं: बॅकअपच्या वेळी हे छान, विस्कळीत वाचनाला निरुपयोगी. आणि प्रत्येक डिस्कच्या आत जी स्वतःची छोटी कॅशे असते, तिला बॅटरीचा आधार नसेल तर लिहिण्यासाठी ती बंदच ठेवायची.

ईएमसीच्याच पुढच्या व्हीएनएक्स२ पिढीत रीड-राइट वाटणी आणि त्या दोन रेषा माणसाच्या हातून काढून मशीनकडे दिल्या. आजच्या फ्लॅश अ‍ॅरेमध्येही बरंचसं आपोआप होतं. मग हे सगळं कशाला माहीत हवं? कारण रेषा कुठे आखायची हे मशीन ठरवू शकतं. ‘संकटात थांबायचं की चालत राहायचं’ हे मात्र अजूनही माणसालाच ठरवावं लागतं. त्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतलं आहे.

२४ फेब्रुवारी २०२१: एनएसई

त्या दिवशी सकाळी ११:४० ला एनएसईने सगळे व्यवहार थांबवले. ते परत सुरू झाले ३:४५ ला आणि ५ पर्यंत चालले.

एनएसईच्या मुख्य डेटा सेंटरपासून जवळच दुसरं एक केंद्र आहे. मुख्य ठिकाणी झालेली प्रत्येक नोंद तिथेही जावी, म्हणजे एक नोंदही हरवू नये, यासाठी ते आहे. दोन मुनीम, दोन वह्या, फक्त दुसरा मुनीम पलीकडच्या गल्लीत बसलेला. दोघांना जोडणारी टेलिकॉम लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेली होती. एनएसईच्या निवेदनानुसार, वाटेतल्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्ही लाइन अस्थिर झाल्या. इथपर्यंत हे समजण्यासारखं आहे. खोदकामात केबल तुटणं आपल्याला नवीन नाही.

पण पुढे जे झालं ते व्हायला नको होतं. लाइन गेल्यावर मुख्य ठिकाणचं स्टोरेज नेटवर्क, ज्याला सॅन म्हणतात, तेच सर्व्हरना प्रतिसाद देईना. त्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. कुणाकडे किती मार्जिन आहे हे कळत नसताना सौदे चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजार थांबवला. एनएसईने नंतर सांगितलं की पुरवठादाराने बसवलेलं फेलओव्हरचं लॉजिक एक्स्चेंजने मागितलेल्या रचनेप्रमाणे नव्हतं.

इथे स्पष्ट सांगते, हा बिघाड राइट-बॅक किंवा पातळीच्या सेटिंगचा नव्हता. पण प्रश्न तोच आहे, चिठ्ठीचा. दुसऱ्या गल्लीतला मुनीम दिसेनासा झाला, आता पहिल्याने काय करायचं? दोनच रस्ते आहेत. एक, चिठ्ठ्या देणं थांबवायचं: एकही नोंद हरवणार नाही, पण दुकान बंद. दोन, एकट्याने चालू ठेवायचं आणि दुसऱ्याला नंतर सगळं समजावून द्यायचं: दुकान चालू, पण त्या काळात पहिली वही जळाली तर नोंदी गेल्या. तिसरा रस्ता नाही. दोन्ही मुनीम ‘दुसरा मेला’ असं समजून वेगवेगळ्या चिठ्ठ्या देऊ लागले तर ते सगळ्यात वाईट, म्हणून बहुतेक रचनांमध्ये तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार मशीन ठेवतात.

कोणता रस्ता निवडायचा हा व्यवसायाचा निर्णय आहे आणि तो कुठल्यातरी मेन्यूत एका पर्यायाच्या रूपाने बसलेला असतो. कागदावर एक ठरलं आणि मशीनमध्ये दुसरंच बसलं, तर ते कळतं कधी? केबल तुटेल त्या दिवशी. आधी कळायचं असेल तर चाचणी म्हणून स्वतःच केबल काढून बघायला लागते.

याची किंमत कुणी मोजली? एनएसई बंद, बीएसई चालू. बाजार ५ पर्यंत वाढणार हे वेळेत कळलं नाही, त्यामुळे अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला बंद करून टाकले. लहान गावात मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्याला सॅन म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही, त्याला फक्त तोटा दिसला. पुढे २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने ७२ कोटी रुपयांहून जास्त भरून सेबीशी हे प्रकरण तडजोडीने मिटवलं.

आता रेल्वे: दोन आकडे आणि न विचारलेला तिसरा

पूर्णा म्हणजे जंक्शन. परभणीकडे, नांदेडकडे, हिंगोली-अकोल्याकडे, तिन्ही बाजूंनी लाइन येतात. इथल्या घराघरात मुंबई-पुण्याच्या तिकिटाची चर्चा असते, म्हणून पुढची बातमी आपल्या सगळ्यांची आहे.

रेल्वेची सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० च्या तंत्रज्ञानावर, इटॅनियम सर्व्हर आणि ओपन-व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, असं सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. ती बदलून नवी आणण्याचं काम ‘क्रिस’ ही रेल्वेची संस्था करते आहे. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये दिलेले आकडे असे: तिकीट काढण्याची क्षमता मिनिटाला ३२,००० वरून दीड लाखाच्या वर आणि चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांच्या वर. डिसेंबर २०२५ हे लक्ष्य जाहीर झालं होतं. जुन्या यंत्रणेवर २२ मे २०२५ ला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली होती, म्हणजे छत गाठल्यातच जमा.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तिकीट क्षमता साडेचार पटीने वाढते, चौकशी दहा पटीने. आज एका तिकिटामागे साधारण १२ चौकश्यांची सोय आहे, नव्यात २६-२७ ची. याला तांत्रिक कारण आहे. चौकशी म्हणजे वाचन, आणि वाचनाच्या प्रती काढून ठेवता येतात. ‘उपलब्ध ४’ असं दिसलं आणि पैसे भरेपर्यंत वेटिंग आलं, याचं एक कारण हेच असू शकतं की तुम्ही काही क्षणांपूर्वीची प्रत बघत होता. (ही प्रत अ‍ॅप किंवा वेबसाइटच्या पातळीवरची. स्टोरेज अ‍ॅरेची रीड कॅशे अशी शिळी माहिती देत नाही.) तेवढी शिळी माहिती चालते, कारण खरा निर्णय पुढे होतो.

तिकीट म्हणजे लेखन. एक बर्थ एकालाच मिळायला हवा आणि पीएनआर दिला की तो मोडता येत नाही. पीएनआर ही चिठ्ठी आहे. म्हणून तिथे कॅशे वापरायची ती मिरर, बॅटरी, पेटी यांच्या पूर्ण बंदोबस्तानेच. वेग दहा पट वाढवणं तिथे सोपं नसतं, हे जाहीर झालेल्या आकड्यांतही उमटलेलं आहे असं मला वाटतं.

पण बातम्यांत येतात ते दोन्ही आकडे वेगाचे. तिसरा आकडा कुणी विचारत नाही: मुख्य केंद्र बंद पडलं तर जास्तीत जास्त किती सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात आणि किती मिनिटांत सगळं परत सुरू होईल? आमच्या भाषेत यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात (परिवहन कार्यालयाशी संबंध नाही). एक्स्चेंजसाठी सेबीने याचे नियम केलेत. तिकीट, सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा यांच्या यंत्रणांबद्दल नागरिकांना हे दोन आकडे कळायला काय हरकत आहे?

तुमच्या ऑफिसात काय विचाराल?

हे फक्त मोठ्या संस्थांपुरतं नाही. तालुक्याची पतसंस्था, कॉलेज, हॉस्पिटल, कारखाना, कुठेही एखादा सर्व्हर आणि रेड कार्ड असतंच. तुम्ही तिथे आयटी बघत असाल किंवा बघणाऱ्याला पगार देत असाल, तर एवढं विचारा:

१. आपला राइट कॅशे आत्ता कोणत्या मोडमध्ये आहे? ‘राइट-बॅक असायला हवा’ हे उत्तर चालणार नाही. स्क्रीनवर दाखवा.

२. बॅटरी कधी बसवली, बदलायची तारीख काय, आणि ती गेली तर मेसेज कुणाच्या फोनवर येतो?

३. ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक’ ही सेटिंग कुठे सुरू आहे का? असेल तर कुणी आणि का केली?

४. डिस्कच्या आतली कॅशे बंद आहे का?

५. दुसऱ्या ठिकाणी प्रत जात असेल तर लाइन तुटल्यावर आपण थांबतो की चालत राहतो? हे लेखी आहे का? आणि शेवटचं कधी खरंच केबल काढून बघितलं?

६. बॅकअप वेगळ्या जागी आहे का आणि तो परत आणून बघितलाय का?

पाचवा प्रश्न विचारला की बहुतेक मीटिंगमध्ये शांतता पसरते. केबल काढायला कुणी तयार नसतं, कारण चालू असलेलं बंद पडलं तर नाव आपलं येईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ती जबाबदारी एकट्या इंजिनिअरवर टाकून चालत नाही. रविवारी पहाटे, लेखी परवानगीने, वरिष्ठ हजर असताना हे करायचं असतं. वर्षातून दोनदा ठरवून केलेली दहा मिनिटांची अडचण, भर बाजारातल्या चार तासांपेक्षा कधीही स्वस्त.

मशीनने ‘जमा झालं’ म्हटलं की पलीकडचा माणूस निर्धास्त होतो. शेतकरी चिठ्ठी खिशात टाकून गावाकडे निघतो, प्रवासी पीएनआर बघून बॅग भरायला घेतो. तो निरोप कोणत्या क्षणी द्यायचा हे एका सेटिंगमध्ये ठरलेलं असतं. ती कुणी ठरवली, कुठे लिहून ठेवली आणि शेवटची कधी तपासली, याची उत्तरं देणारा माणूस प्रत्येक संस्थेत असायला हवा. तुमच्याकडे तो कोण आहे, हे उद्या ऑफिसात गेल्यावर विचारून बघा.